सेंटर कुणाचं धरू?

लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, फिरवून कापायची वस्तू म्हणजे जॉब; तो घट्ट धरतो तो चक. त्यातल्या ट्रू चकचा कारभार सरळ. एका भोकात चावी घालून फिरवली की तिन्ही जॉ, म्हणजे जबडे, एकदम पुढं सरकतात, गोल बार मुकाट्यानं मधोमध बसतो. वांधे होतात ते डॉग चकवर. तिथं जॉ चार, प्रत्येकाचा स्क्रू वेगळा, आणि वाटणीला बसलेल्या सख्ख्या भावांसारखं एक जण इंचभर सरकला की समोरच्याला मागं हटावंच लागतं.

आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, या चकवर चढतं ते बहुधा फाउंड्रीतून आलेलं बिडाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा. परवा पंपाचे बेअरिंग ब्रॅकेट आले. बाहेरचं अंग एका बाजूला फुगलेलं, आतलं, ओततानाच वाळूच्या कोअरनं ठेवलेलं भोक दुसऱ्याच बाजूला सरकलेलं. बाहेरून ट्रू करावं, म्हणजे बाहेरचं अंग मधोमध फिरेल असं धरावं, तर बोअर मारताना, म्हणजे आतलं भोक कापून मापात आणताना, टूल अर्धा फेरा माल कापतं आणि अर्धा फेरा हवा खातं. भोकावरून ट्रू करावं, तर एकीकडची भिंत इतकी पातळ राहते की बेअरिंग ठोकायलाच भीती वाटावी. म्हणजे मध्य शोधायचा नसतोच, दोघांत तडजोड करायची असते. ड्रॉइंगवर मात्र एकच सेंटर लाइन, तीही कशी ऐटीत काढलेली!

आधी चकच्या तोंडावरच्या गोल रेघा बघून अंदाजानं धरायचं. मग गिअर न्यूट्रलला टाकून चक हातानं फिरवत खडू टेकवायचा. खडू लागला तो उंचवटा. त्याच्या समोरचा जॉ थोडा ढिला करायचा, मग उंचवट्याकडचा आवळायचा. आधी आवळायला गेलात तर चावी वाकेल, जॉब हलणार नाही.

या कामाला प्रेक्षक फार. शेजारचा शेपरवाला येता-जाता सांगतो, ‘‘वरचा दाब वाईच.’’ चक अर्धा फिरला की वरचा खाली जातो, हे त्याला कोण सांगणार? आयटीआयमधून नुकतंच आलेलं पोरगं उत्साहानं डायल घेऊन येतं. शतांश मिलिमीटर मोजणारा काटा बिडाच्या खरबरीत कातडीवर टेकवला, की वाळूच्या एका कणासरशी गरकन फिरतो. ‘‘ठेव ते डब्यात,’’ म्हणून मी साधी रेघणी, म्हणजे स्टँडवरची टोकदार सळई, जॉबजवळ लावली. टोक आणि जॉब यांच्यातल्या समोरासमोरच्या फटींत तीन मिलिमीटरचा फरक दिसला, की दीडच सरकवायचं. पोरानं पुरते तीन सरकवले. जॉब तितकाच आउट, पण पलीकडं.

तेवढ्यात दारातून मालक : ‘‘आरं, अजून धरायलाच लागलायस व्हय?’’

अखेर चारी जॉ आवळून, त्या आवळण्यात हललेलं पुन्हा ठोकून, चावी आठवणीनं काढून, कमी स्पीडला बोअर मारला. धरण्याच्या मानानं कापायला काहीच वेळ लागला नाही.

मालक खूश. ‘‘आता शेजारशेजारचे दोनच जॉ ढिले कर. बाकीचे दोन हलवू नगंस. पुढचा आपोआप सेंटरला बसतोय.’’

युक्ती खरी आहे, माल एकसारखा असेल तर. मी टेम्पोतला दुसरा ब्रॅकेट उचलून त्यांच्यापुढं धरला. याचं भोक पहिल्याच्या बरोबर उलट्या अंगाला.

मालकांनी तो फिरवून फिरवून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘च्या सांगतो.’’