तिकडे वीसला करतात

मी बंदुका विकायचे. घरून, गॅरेजमधून.

सुट्टीला कोल्हापुरात गेले आणि हे कुणासमोर बोलले की समोरच्याचा चहाचा कप तोंडापाशी थबकतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "भीती नाही वाटायची?" वाटायची की. पण बंदुकीची नाही. बंदूक बिचारी खोक्यात गप पडून असते. ती रात्री सव्वादहाला बेल वाजवत नाही आणि पंचवीसचे वीस करा म्हणत नाही.

मुळात हे खूळ कोल्हापूरचंच. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या गावची मी. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा वाटलं, आपणही लांब जाणार. गेलेही. नवऱ्याच्या नोकरीमागं टेक्सासपर्यंत. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे, तिथं. नागरिकत्व मिळाल्यावर रेंजवर जायला लागले, तिथं कुणीतरी सांगितलं की विक्रीचा परवाना घरच्या पत्त्यावरही मिळतो. २०१९ मध्ये अर्ज केला. बोटांचे ठसे, फोटो, तीन वर्षांचे २०० डॉलर. एक अधिकारी घरी येऊन शांतपणे मुलाखत घेऊन गेला. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरगुती व्यवसायांची यादी फिरते ना, त्यात उकडीचे मोदक, मेंदी, ब्लाउजचं फिटिंग आणि त्याखाली मी.

आता धंदा काय, ते सांगते, कारण इथंच सगळ्यांचा घोळ होतो. इथला माणूस इंटरनेटवर बंदूक विकत घेतो, पण ती पिझ्झ्यासारखी त्याच्या दारात येऊन पडत नाही. ती येते माझ्यासारख्या परवानाधारकाकडं. मी ती उतरवून घ्यायची, दुसऱ्या दिवसाच्या आत वहीत चढवायची : कंपनी, मॉडेल, क्रमांक, प्रकार, कॅलिबर. मग गिऱ्हाइकाला बोलवायचं, ओळखपत्र बघायचं, फॉर्म ४४७३ भरून घ्यायचा, या माणसाला बंदूक देता येते का, अशी एफबीआयच्या यंत्रणेकडं चौकशी टाकायची आणि तिकडून होकार आला की माल द्यायचा. याचे मी घ्यायचे पंचवीस डॉलर.

तर ते पंचवीस डॉलर.

माणूस नऊशे डॉलरची रायफल घेतो. वर दुर्बीण चारशेची. येतो त्या गाडीचं एक टायर माझ्या महिन्याच्या कमाईएवढं. आणि गॅरेजमध्ये उभा राहून, टोपी मागं सरकवत म्हणतो, "तिकडे वीसला करतात." तिकडे म्हणजे कुठं, हे चार वर्षांत मला एकानंही सांगितलं नाही. हायवेच्या पलीकडं बोट करायचे. मी म्हणायचे, मग तिकडे का नाही पाठवलीत? तर म्हणे तिकडचा माणूस फार खडूस आहे. म्हणजे दर त्याचा पाहिजे आणि स्वभाव माझा! मंडईत आमची आजी कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या मागून घ्यायची, तशी एकानं माझ्याकडं रायफलीवर काडतुसांची पेटी मागितली. "नेहमीचा गिऱ्हाईक आहे," म्हणाला. दुसऱ्यांदाच आला होता.

फॉर्मची कथा वेगळीच. त्यातला दुसरा भाग गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं भरायचा, मी पेन लावायचा नाही. चुकला तर खोडून त्यानंच सही-तारीख करायची. पत्त्यात एक चौकट आहे : काउंटी. म्हणजे आपला जिल्हा म्हणा. दर तिसरा माणूस तिथं ठसठशीत अक्षरात 'यूएसए' लिहितो. त्याला ते 'कंट्री' दिसतं. छातीवर झेंडा, टोपीवर झेंडा, गाडीवर दोन झेंडे. अशा माणसाला "इथं यूएसए लिहू नका" हे सांगायला जिगर लागते. तो डोळे बारीक करून बघतो. एक जण तर म्हणाला, "का? तुमचा विरोध आहे?" त्यात आमचं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलेलं. त्यामुळं ज्यांना प्रश्न कळायचा त्यांना उत्तर यायचं नाही. मग बायकोला फोन. "हनी, आपण कुठं राहतो?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यानंतर पाचच मिनिटांत त्याला सोळा इंची नळीची रायफल दिली आहे.

चौकशीचं उत्तर तीन प्रकारचं येतं. हो, थांबा, नाही. ही यंत्रणा १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. २०२० साली तिच्याकडं ३ कोटी ९७ लाखांच्या आसपास चौकश्या झाल्या म्हणतात, त्यातल्या निम्म्या माझ्याच गॅरेजातून गेल्या असाव्यात असं तेव्हा वाटायचं. तर उत्तर. बहुतेकदा काही मिनिटांत 'हो' येतो. पण कधी 'थांबा' आलं की कामकाजाचे तीन दिवस वाट बघायची, आणि 'नाही' आलं तर का नाही, हे मला कळवत नाहीत. सासूबाईंनी हे एकदा नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मुलीकडच्यांसारखंच की. पसंत, कळवतो, आणि पत्रिका जुळत नाही." याहून चांगलं मलाही समजावता आलेलं नाही. मात्र 'कळवतो' आलेला माणूस रोज फोन करायचा, आणि आवाज असा की जणू मीच पत्रिका दाबून ठेवलीय.

एकाला 'नाही' आला. तासाभरात तो एका मुलीला घेऊन परत. "हिला घ्यायचीय." कुठली घ्यायचीय, विचारलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. फॉर्मवरचा पहिलाच मोठा प्रश्न असतो, खरा घेणारा तुम्हीच का. दुसऱ्यासाठी खोटं लिहून घेणं हा सरळ गुन्हा आहे. मी फॉर्म पुढं केलाच नाही. दोघं गेले, गॅरेजचं शटर खाली केलं आणि त्या दिवशी मात्र मी घासाघीस करणाऱ्यांची आठवण काढली. ते परवडले.

आता सासूबाई. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या सहा महिन्यांसाठी आल्या. सांगलीला त्यांनी तीस वर्षं पापड-कुरडया विकल्या आहेत, त्यामुळं घरातून धंदा म्हणजे काय हे मला शिकवणं त्यांना आपलं कर्तव्य वाटे. "गिऱ्हाईक दारात आलं की आधी बसवायचं," हा पहिला धडा. गॅरेजमध्ये प्लास्टिकची खुर्ची आली. मग पाणी. मग एका शनिवारी पोहे. कागदी बशीत, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. मी म्हटलं, "आई, यांना झेपायचं नाही." सहा फूट चार इंचांचा तो दाढीवाला घाम पुसत दोन बश्या संपवून गेला, आणि पुढच्या शनिवारी काही काम नसताना आला. म्हणाला, सहज इकडून चाललो होतो. आमची गल्ली बंद आहे, पुढं तळं आहे. इकडून कुठंही जाता येत नाही.

पोह्यांनी एक झालं, लोक थांबायला लागले. थांबले की बोलायला लागले. सरकार याद्या करतंय. यापुढं काडतुसं मिळणार नाहीत. आजोबांकडं अमुक होती, ती काकांनी दाबली. (वाटणीची भांडणं तिकडंही तशीच, फक्त जमिनीऐवजी शॉटगन.) आणि पुष्कळ जण दार उघडल्याबरोबर माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "नवरा आहे का घरी?" नवरा असायचा. वर हेडफोन लावून मीटिंगमध्ये. त्याला पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतला फरक आजही सांगता येत नाही. एकदा मी वैतागून त्याला खाली बोलावलंच. गिऱ्हाइकानं त्याला गंभीरपणे विचारलं की ही घेऊ की ती. आमच्या यानं दोन्हींकडं बघून, "ही जरा जास्त काळी आहे," असं मत दिलं. गिऱ्हाइकानं मान डोलावली आणि ती घेतली.

एक जण घरचं जुनं पिस्तूल दाखवायला घेऊन आला, "जरा बघा, अडकतंय," म्हणत. रिकामं आहे, म्हणाला. आणि बोलता बोलता हात असा फिरवला की नळी माझ्यावरून गेली आणि पोह्यांची बशी घेऊन येणाऱ्या सासूबाईंवर जाऊन थांबली. माझा श्वास अडकला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे ए, तोंड तिकडं कर आधी." मराठीत. त्यानं केलं! मी ते हातातून घेतलं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढली. एक काडतूस टुणकन उडून पोह्यात पडलं. तो पांढराफटक. रेंजवर पहिला नियम शिकवतात : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. सासूबाईंना तो कुणी शिकवला नव्हता. त्या नंतर म्हणाल्या, "नळीचं असो नाहीतर माणसाचं, तोंड आपल्याकडं असलं की बाजूला वळवायचं बघ." पोहे टाकून दिले. त्याचा मात्र त्यांना फार राग आला.

आपली माणसं यापेक्षा बरी असतील असं मला उगाच वाटायचं. मंडळातले एक सद्गृहस्थ, एच-वन-बी व्हिसावर, आले. "वहिनी, घरात एक असलेली बरी." मी नियम सांगितला. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथं बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा चालू परवाना असेल तर येते. हे मी बनवून सांगत नाही, खरंच तसं आहे. गृहस्थ माळकरी. अंडं घातलेला केक सुद्धा विचारून खाणारे. चार दिवस विचार करून त्यांनी शिकारीचं प्रशिक्षण पुरं केलं, कारण २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात ते लागतं. २५ डॉलरचा परवाना काढला. हरणाच्या कुठल्या भागावर नेम धरावा हे ते मला पाठ म्हणून दाखवायचे, डोळे मिटून. एवढं करून पिस्तूल मागवलं आणि न्यायला आले ते सप्टेंबरच्या दोन तारखेला. टेक्सासातला शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. मी ते सांगितलं. ते नवीन परवाना काढून तासाभरात परत आले, फॉर्म भरला, काउंटी बरोबर लिहिली. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर दाटून आला. मग त्यांनी पाकीट काढलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, मंडळाच्या सभासदांना काही कन्सेशन?"

दसरा त्या वर्षी ५ ऑक्टोबरला होता. खंडेनवमीला सासूबाईंनी गॅरेजचा ताबा घेतला. सगळा माल, म्हणजे लोकांचा माल, पाटावर मांडला, हळद-कुंकू, फूल, वर झेंडूची माळ. मी आंघोळ करून येईपर्यंत अकरा बंदुकांच्या क्रमांकांवर कुंकवाची बोटं उमटली होती. आणि पुढच्याच आठवड्यात तपासणी. अधिकारी बाई होत्या, अगदी शिस्तीच्या. एकेक क्रमांक वहीशी ताडून बघत होत्या. तिसऱ्या रायफलीला थांबल्या, बोटाला लागलेलं लाल नाकाशी नेलं. "हे काय आहे?" मी समजावू लागले तोवर सासूबाई करंडा घेऊन हजर. सवाष्ण बाई दारात आली आणि कुंकू न लावता जाणार? बाईंनी वाकून कपाळ पुढं केलं. ब्लाउजपीस मात्र नम्रपणे नाकारला, सरकारी नोकर आहे म्हणाल्या. वहीत एक चूक निघाली, एका तारखेची. ती माझीच. कुंकवाबद्दल कागदावर काही आलं नाही.

म्हणजे सरकारचा त्रास नव्हता. सासूबाई डिसेंबरात परत गेल्या आणि पोहे बंद झाले, तेव्हा मला कळलं की माझ्या धंद्याची किंमत किती होती. लोक विचारायचे, "मॉम कुठंय?" एकानं तीन तारे दिले. लिहिलं होतं : 'बाई चांगली. कागदपत्रं फार. हल्ली खायला काही देत नाहीत. तिकडे वीसला करतात.'

फेब्रुवारीत बंद केलं. नूतनीकरणाचे ९० डॉलर भरून वर्षही झालं नव्हतं, ते अजून टोचतात. दुकान बंद केलं की सगळे भरलेले फॉर्म आणि वह्या तीस दिवसांच्या आत वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, परवाने देणाऱ्या खात्याच्या कचेरीत पाठवायच्या असतात. त्या कचेरीच्या रस्त्याचं नाव नीडी रोड. गरजूंचा रस्ता. खोकी चिकटवताना वरचाच फॉर्म दिसला : काउंटी, यूएसए, त्यावर काट, कॉलिन, त्यावर काट, डेंटन, सही, तारीख.

परवा मी स्वतःसाठी एक पॉइंट टू-टू मागवली. परवाना नाही, म्हणजे आता मीही गिऱ्हाईक. हायवेच्या पलीकडं एक जण हे काम करतो कळलं, तिथं गेले. फॉर्म भरला, एकही खाडाखोड नाही. 'हो' आला. त्यानं पावती पुढं सरकवली. पस्तीस डॉलर.

"पस्तीस?" माझ्या तोंडून निघून गेलं. "इथं फ्रिस्कोत एक बाई पंचवीसला करायची."

त्यानं टोपी मागं सरकवली.

"ती? ती बंद पडली. पोहे चांगले असायचे म्हणतात."