न्याय्य संक्रमण कसं करावं, तेही इंदुरात बसून

ऊर्जा संक्रमणाच्या समितीवर तुमचं नाव लागलं असेल तर घाबरू नका. कोळसा सोडून सूर्याकडे जाताना कोणावर अन्याय होऊ नये असं धोरण लिहायचं आहे, एवढंच. इंदुरात बसून लिहिणार असाल तर अर्धं काम भूगोलानं उरकलेलंच आहे. विंध्याचलचं ४७६० मेगावॅटचं केंद्र, देशातलं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला सिंगरौलीत. सारणीच्या औष्णिक केंद्राची राख बैतूल जिल्ह्यात. इथे सराफ्यात रात्री बारालाही दिवे लखलखतात, त्यात कोळसा कुठे दिसतो? बैठक सकाळी अकराला ठेवा, पोहे-जिलबी सांगा, आणि ज्यांच्याबद्दल धोरण आहे त्यांच्यापैकी कोणी चुकून सदस्य झालेला नाही ना, ते यादीत पाहून घ्या. कामगारांचा प्रतिनिधी हवाच असेल तर मान्यताप्राप्त युनियनचा घ्यावा, कायम नोकरीतल्यांचा. त्याचं कारण पुढे येईलच.

पहिल्या पानावर स्थापित क्षमतेचा, म्हणजे उभारलेली केंद्रं पूर्ण जोरात चालली तर किती वीज देतील त्याचा आकडा टाका. २०२५ च्या मध्यावर देशाची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांची झाली. ठरलेलं वर्ष २०३० होतं, म्हणजे ५ वर्षं आधीच. प्रत्यक्षात तयार झालेली वीज किती, हे मात्र त्या पानावर नको, कारण तिच्यातला कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. सौर मेगावॅट वर्षभराच्या हिशेबात क्षमतेच्या पाव भागापर्यंत चालतो, कोळशाचा त्याच्या अडीच-तीनपट. पण मेगावॅट हे माप असं सोयीचं, की सूर्य मावळला तरी ते मावळत नाही.

दुसऱ्या पानावर नेमकी उलट बाजू घ्यायची. २०२४-२५ मध्ये देशात कोळशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. मग कुणाची नोकरी जातेय कुठे? घाई काय आहे? हे वाक्य फार उपयोगी पडतं. उत्पादन वाढतं ते मोठमोठ्या उघड्या खाणींतून आणि यंत्रांवर. मिटतात त्या जुन्या, भूमिगत, माणसांवर चालणाऱ्या. सारणीची जुनी पाच युनिटं बंद होऊन दहा वर्षं उलटली, शेजारी पाथाखेड्यातल्याही काही खाणी मिटल्या. त्या ‘आर्थिकदृष्ट्या अव्यवहार्य’ म्हणून मिटल्या, हवामानासाठी नव्हे. तेव्हा तिथला माणूस संक्रमणात मोडत नाही आणि तुमचं धोरण त्याला लागू होत नाही. दुकान त्याचंही बंद झालं आणि पोरगं त्याचंही सुरतेला गेलं, पण कारणाचा रकाना वेगळा.

आता ‘कामगार’ कोण, याची व्याख्या. इथे हात आखडता घ्या. कोल इंडिया या सरकारी खाणकंपनीच्या पटावर सव्वादोन लाखांच्या आसपास कायम माणसं आहेत; त्यांना पेन्शन आहे, ग्रॅच्युइटी आहे, दवाखाना आहे. त्यांतले बरेच येत्या काही वर्षांत तसेही निवृत्त होतील, म्हणजे न्याय आपोआप होईल. ठेकेदाराचा माणूस, ट्रकवर ताडपत्री बांधणारा, रेल्वेच्या सायडिंगवर वाघिणींत कोळसा चढवणारा, पंक्चरवाला, ढाबेवाला, सायकलवर पोती लादून कोळसा विकायला नेणारा, हे सगळे ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दात बसवा. मोजायला गेलात तर फसाल. ठेका बदलला की ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो, आणि नऊ वर्षांत त्याच्या नावावर पीएफची तीन खाती निघतात. आधारवर ‘रामप्रसाद’, एका खात्यात ‘राम प्रसाद’, दुसऱ्यात ‘रामपरसाद’. खाती जोडायला जुन्या ठेकेदाराची सही लागते आणि जुना ठेकेदार आता कटनीला रेतीच्या धंद्यात आहे. धोरणात एकच अट घाला: ‘सलग सेवेचा पुरावा आवश्यक’. बाकी काही करावं लागणार नाही.

जमीनवाल्यांचं सोपं आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी होती. दोन एकरच नसलेल्याचा प्रश्न तेव्हा निघाला नाही, आता कशाला काढता? सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतात. उभारणीची धावपळ काही महिन्यांची. नंतर उरतात काच पुसणारे, गवत कापणारे आणि फाटकावरचा पहारेकरी. तेही ठेकेदाराचेच. म्हणजे त्या बाबतीत कोळशाशी पूर्ण सातत्य राखलं जातं, हे अहवालात आवर्जून नोंदवा.

कौशल्यविकासाचं प्रकरण जाड असू द्या, फोटोंसह. सौर संच बसवायला शिकवणारं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण ६०० तासांचं आहे, जवळपास तीन महिने निवासी, आणि त्यासाठी दहावीनंतर आयटीआय लागतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा लोडर, सातवी नापास, गुडघे गेलेले, त्याला ही संधी खुली आहे असं लिहायला काहीच हरकत नाही. तो आला नाही तर त्याची इच्छा.

पैशाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्याला कोळशावरच्या उपकराचा इतिहास ऐकवा, तो आपणहून गप्प होईल. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये लावले, नाव स्वच्छ ऊर्जा उपकर. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. कोळसा जाळणाऱ्यानं द्यायचे आणि स्वच्छ ऊर्जेवर खर्चायचे, इतकी सरळ कल्पना सरकारी कागदावर क्वचित उतरते. आठ आर्थिक वर्षांत ८६ हजार कोटींहून जास्त जमा झाले. स्वच्छ ऊर्जा निधीच्या खात्यात पोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास, आणि त्यातले खर्च झाले जेमतेम सोळा हजार. मग २०१७ मध्ये जीएसटी आला. तेच ४०० रुपये तसेच राहिले, फक्त पाटी बदलली: राज्यांचा बुडालेला कर भरून काढणारा भरपाई उपकर. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आता तो पैसा सरळ करांच्या मोठ्या हौदात पडतो आणि त्याला कोणाचंच नाव नाही. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच: निधी जरूर उभारा, त्याचं नाव सुंदर ठेवा, आणि तो कशावर खर्चायचा ते मात्र कायद्यात लिहू नका.

खाणीची झळ लागलेल्या गावांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहेच, २०१५ पासून. खाणवाला सरकारला भरतो त्या रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के, आणि खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतला भाग थेट बाधित, २५ पर्यंतचा अप्रत्यक्ष. वर्तुळ नकाशावर कंपासनं काढायचं. हा पैसा खाण चालू असेपर्यंत येतो, म्हणजे खाण बंद पडून माणसाला गरज लागते त्याच दिवशी तो थांबतो. याला दोष समजू नका, नळ आहे तो. खाण बंद करायची तरतूद निराळी: एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, हेक्टरी रक्कम ठेवावी लागते, आधी उघड्या खाणीला ६ लाख आणि भूमिगतला १ लाख होती, मग ९ लाख आणि दीड लाख झाली. कुंपण, भराव, झाडं, पाण्याची चाचणी, सगळं त्यात. खड्ड्याचा दर ठरलेला आहे. खड्ड्यात उतरणाऱ्याचा दर सुचवून समितीचा वेळ घालवू नका.

परदेशी दाखले द्यावेतच, पण निवडून. जर्मनीनं २०२० च्या कायद्यात कोळसा सोडायचं साल २०३८ ठरवलं, कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत ठेवले आणि ५८ च्या पुढच्या कामगाराला पेन्शन सुरू होईपर्यंत पाच वर्षं भत्ता दिला. हा दाखला टाळा, त्यात सगळं लिहून ठेवलंय. दक्षिण आफ्रिकेचं कोमाटी वीजकेंद्र घ्या: ऑक्टोबर २०२२ मध्ये शेवटचं युनिट बंद, जागतिक बँकेचे सुमारे ५० कोटी डॉलर मंजूर, आणि गावाला पुढचा धंदा मिळण्याआधीच जुना संपला. अभ्यासदौरा तिकडचाच काढा. हवाही बरी असते म्हणतात.

पण खरं तर एवढं लांब जायला नको. न्याय्य संक्रमणाचा आदर्श तुमच्या घराजवळ, मिल इलाक्यात उभा आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, ५९०० च्या आसपास कामगारांसह. नोटीस नाही, हिशेब नाही, भोंगा वाजायचा थांबला. मग मालमत्ता विकून देणी भागवणारा अवसायक आला, न्यायालय आलं, बँका आल्या, जमीन कोणाची यावर महापालिका आणि शासन आमनेसामने आले. कामगार दर रविवारी मिलच्या फाटकाशी जमत राहिले. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा चेक सुपूर्द झाला, सुमारे ४८०० जणांसाठी. मधे गेली ३२ वर्षं. मिल बंद पडली तेव्हा बत्तीस वर्षांचा असलेला माणूस चौसष्टीत पोचला. जे पोचले नाहीत त्यांच्या विधवा आणि मुलं मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र आणि मिलचं जुनं कार्ड घेऊन रांगेत उभी राहिली.

आता मुख्य भाग. त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात, खरगोन जिल्ह्यातल्या सामराज आणि आशुखेडी गावांतल्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची पायाभरणी झाली. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरापर्यंत चढवायचं वीजबिल महिन्याला ४ कोटींनी कमी करायचं, खर्च ३०८ कोटी. त्यासाठी महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढले होते, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजानं पैसे घेतले होते: हवे होते २४४ कोटी, अर्ज आले ७२० कोटींचे, आणि तेही काही दिवसांत. व्याज ८.२५ टक्के, दर सहामाहीला खात्यात. प्रकल्प चांगला आहे, मनापासून सांगतो. डोंगरावर पाणी चढवायला कोळसा जाळण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा. तुम्ही फक्त २२४ आणि २४४ यांत गल्लत करू नका. एक आकडा यायला ३२ वर्षं लागतात, दुसऱ्यावर सहा महिन्यांनी व्याज येतं. मसुद्यात ‘हितधारक’ असा शब्द वापराल तेव्हा त्यात दोन्ही प्रकार बसतात, हे त्या शब्दाचं मोठेपण.

आणि तुमचं स्वतःचं? धोरण लिहिणाऱ्यानं उपाशी राहू नये. पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या सौर संचाला अनुदान आहे: पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, मिळून ७८ हजार. तीन किलोवॅटला तीनशेक चौरस फूट गच्ची लागते, तीही सावलीविना: टाकी आणि शेजारच्याचा नवा मजला दक्षिणेला नको. सौर पॅनेल देशी सेलचे घ्या, नाहीतर अनुदान अडतं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटं पडतात. लोकमान्य नगरात स्वतंत्र बंगला असेल तर उत्तम. रामबागेतल्या जुन्या वाड्यात असाल तर आधी मीटर पाहा. ते नक्की आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली असतील. नाव बदलायला सगळ्या वारसांची संमती हवी: एक काका नागपूरला, एक आत्या बडोद्याला, चुलतभाऊ न्यू जर्सीत, आणि गच्चीवर पापड वाळवायचा हक्क कोणाचा यावरून दोन घरांत बोलणं नाही. हेही सांगून ठेवतो, की वीज गेली की बॅटरीविना सौर संचही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. सासऱ्यांना आधीच सांगा.

भाडेकरूला गच्ची नसते, तेव्हा तो योजनेत नाही. महिन्याला दीडशे युनिटांच्या आत असलेल्याला राज्यात पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, त्यामुळे त्याला सौर परवडत नाही. परवडतं चारशे युनिटं जाळणाऱ्याला. तो बिलातून सुटला की तारा, रोहित्रं आणि लाइनमनचा पगार यांचा भार उरलेल्यांवर सरकतो. या वाक्याला धोरणात तळटीप द्या, अक्षर सात पॉइंटचं.

शेवटी जनसुनावणी. मसुदा इंग्रजीत, पीडीएफमध्ये, संकेतस्थळाच्या तिसऱ्या पानावर टाका. हरकतींची मुदत ३० दिवस; मधे दिवाळी आली तर दुधात साखर. सुनावणी भोपाळला, मंगळवारी सकाळी. सिंगरौलीहून येणाऱ्याला आदल्या दिवशी निघावं लागेल, परतायला तिसरा दिवस उजाडेल, म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. तरीही कोणी आलाच, तर त्याला बोलू द्या, पाणी विचारा, ‘नोंद घेतली’ असा शिक्का त्याच्या अर्जावर मारा आणि पोच द्या. प्रवासभत्त्याचं त्यानं विचारलं तर नियम दाखवा. तो फक्त सदस्यांना आहे.