स्प्रिंग बोल्टमध्येच आहे, तरी ठोका हलका का पडला?

सुभेदारसाहेब, जय हिंद.

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नवा ट्रिगर बसवल्यावर .22 रायफल मिसफायर करू लागली, म्हणजे चाप ओढूनही कधीकधी गोळी सुटेना, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, बोल्ट रायफलमध्ये काडतुसाला ठोका देणाऱ्या पिनची स्प्रिंग बोल्टच्या, म्हणजे मागून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या, आत असते, ट्रिगर तिला नुसता सोडतो, मग ट्रिगर बदलल्याने ठोका हलका पडेलच कसा? दोष काडतुसांचा किंवा थकलेल्या स्प्रिंगचा. कडक स्प्रिंग टाका आणि मोकळे व्हा, पोरांना उगाच घाबरवू नका.

तुम्ही वर्षानुवर्षं एनसीसीच्या पोरांना .22 शिकवली, त्यामुळे तुमचा शब्द मी हलक्यात घेत नाही. स्प्रिंग बोल्टमध्ये असते हे तर खरंच आहे, आणि म्हणूनच आम्ही सुरुवात तिथून केली. बोल्ट उघडला. मे महिन्यातली आपल्याकडची धूळ आणि तेल मिळून आत काळा चिखल झाला होता. तो पुसून पिन कोरडी केली. फरक शून्य.

मग काडतुसं. ही रायफल वापरणारी मुलगी जिंतूरकडची, आमच्या रेंजवर प्रोनचा, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याचा, सराव करते. त्या दिवशी एकाच डब्यातली पन्नास उडवायला घेतली, त्यात सात अडली. तीच सात दुसऱ्या रायफलमध्ये घातली, सातही उडाली. .22 च्या काडतुसाला मध्ये कॅप नसते, मसाला कडेच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. एखाद्या जागी तो कमी पडला तर काडतूस फिरवून मारल्यावर उडतं, हे मलाही ठाऊक आहे. त्यामुळे नुसत्या सातांवर मी निकाल दिला नसता. पण भिंगाखाली कड बघितली. जुन्या ट्रिगरवर उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या केसवर (पितळी टोपणावर) पिनची खूण खोल, चौकोनी, काठ स्पष्ट. अडलेल्यांवर नुसता ओरखडा, नखाने दाबल्यासारखा. मसाला कमी असता तर खूण खोलच असती आणि तरी काडतूस अडलं असतं. इथे ठोकाच कमी होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पिन ज्या आकड्यावर अडकून राहते तो सीअर ट्रिगरच्या पेटीत असतो. पेटी केसभर पुढे बसली की पिनही केसभर पुढेच अडकते आणि तिची धाव तेवढी कमी होते. आम्ही व्हर्नियरने मोजलं: जुन्या ट्रिगरवर 6 मिलिमीटर, नव्यावर 5.4. दहावा हिस्सा गेला म्हणून जोरही दहावा हिस्साच गेला, असं मात्र नाही. स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते ती धावेच्या सुरुवातीला, आणि आपली गेलेली धाव नेमकी तिथलीच. त्यामुळे तोटा दहाव्या हिश्श्याहून मोठा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जाईल हे ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. ट्रिगर 'कुरकुरीत' लागावा म्हणून तो फार आवळला, तर सीअर पुरता खाली जात नाही आणि पिनचा मागचा तुकडा त्याच्या डोक्यावरून घासत पुढे जातो. कधी जास्त, कधी कमी. म्हणूनच मिसफायर रोज होत नाही आणि माणूस काडतुसांना शिव्या देत बसतो. सीअरच्या डोक्याला काळं स्केचपेन लावलं, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, उडालेली केस घातली आणि पाच-सहा वेळा चाप ओढला. पुसून निघालेली एक चकचकीत रेघ उमटली, अगदी पुढच्या काठापर्यंत. ती रेघ बघितल्यावर आणखी पुरावा लागला नाही.

कडक स्प्रिंग टाकली असती तर रायफल चालली असती, हे कबूल. पण दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! घासणं तसंच राहिलं असतं, सीअर झिजत गेला असता आणि बोल्ट उचलायला जड झाला असता तो वेगळाच. प्रोनमध्ये 60 गोळ्यांना 50 मिनिटं मिळतात, त्यात जड बोल्ट म्हणजे प्रत्येक गोळीला खांदा हलणार.

काम आम्ही घरी केलं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेटी मागे दाबून धरत स्क्रू आवळले आणि तो बारीक स्क्रू पाव आटा सैल केला. कानस कुठेच लावली नाही. नंतर रिकामी रायफल कॉक करून, म्हणजे पिन मागे अडकवून, दस्ता रबरी मॅटवर आपटला, बोल्ट जोरात बंद केला, सेफ्टी लावून काढली. पिन सुटली नाही, तेव्हाच रायफल हातात दिली. धाव परत 6 मिलिमीटर झाली. पुढच्या आठवड्यात पोरीने साठच्या साठ एकही न अडता उडवल्या.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत होणार नाही. 'अडली तर लगेच बोल्ट ओढून पुन्हा मारा' हे तुम्ही लिहिलंय ते पोरांनी वाचू नये असं मला मनापासून वाटतं. काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. स्पर्धेत ते 30 सेकंद जातात आणि मनही विचलित होतं, मला मान्य आहे. तरी थांबायचंच. याला घाबरवणं म्हणत असाल तर मी घाबरवतो.

तुमच्याकडची जुनी .22 अधूनमधून अडते, असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. स्प्रिंग मागवण्याआधी तिच्या सीअरला एकदा स्केचपेन लावून बघा, आणि रेघ कुठे उमटली ते इथे कळवा.