साडेसात मीटरची होडी आणि ११७ टीएमसी पाणी

महाराष्ट्रात कुठल्याही धरणाच्या काठावर जा, पाण्याआधी पाटी दिसते. 'पाणी खोल आहे. पोहण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' पाटीच्या खालीच दहा-बारा पोरं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी असतात. एक जण सेल्फी काढत असतो आणि निम्म्यांना पोहता येत नसतं. साठलेल्या पाण्याशी आपला संबंध एवढाच उरलाय. पाटी, सेल्फी, आणि सुट्टीच्या हंगामात पेपरात बुडाल्याची बातमी.

या उन्हाळ्यात आम्ही मित्रमंडळी पोलंडच्या माझुरी भागात शिडाच्या दोन होड्या भाड्याने घेऊन तळ्यांवर राहून आलो. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, सूर्यास्त वगैरे पुरे झाले. मला त्या फोटोंच्या बाहेरचं लिहायचंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ईशान्य पोलंडमध्ये हिमयुगातल्या बर्फाने कोरून ठेवलेली तळी आहेत, मोजून संपत नाहीत इतकी. त्यातली मोठी तळी कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्यामुळे उत्तरेला वेंगोझेवोपासून निघालं की होडीतून न उतरता कैक दिवस दक्षिणेकडे जात राहता येतं. सगळ्यात मोठं तळं श्न्यार्द्वी, ११३ चौरस किलोमीटरचं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत हा मुलूख जर्मनीच्या पूर्व प्रशियात होता. हिटलरचं 'वुल्फ्स लेअर' मुख्यालयही इथल्याच जंगलात. आमच्यातल्या इतिहासवाल्याने तिकडे जायचा हट्ट धरला, मतदान घेतलं, बिचारा एकटा पडला.

(कोल्हापूरकरांसाठी कंसात: दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित आपल्या वळिवड्याच्या कॅम्पात राहिले होते. १९४८ पर्यंत ते तिथे होते. वॉर्सात त्याचं स्मारक आहे. आमच्या घरी आजी 'पोलंडची माणसं' म्हणायची, तेव्हा ती कुठून आली होती हे मला इथे येऊन कळलं.)

तर मुद्दा. पोलंडमध्ये शिडाची होडी साडेसात मीटरपर्यंत लांबीची असेल तर ती चालवायला कुठलाही परवाना लागत नाही. त्याहून लांब असेल तर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या नागपूरकर मैत्रिणीचा पहिला प्रश्न होता, "मग रोज किती बुडतात?" प्रश्न अगदी आपला होता. बंदी नाही म्हणजे माणसं मरणारच, हे आपण गृहीत धरून चालतो. पोलंडमध्ये कुणी बुडतच नाही असं मुळीच नाही. पण तिथे 'पाण्यात जाऊ द्यायचं की नाही' हा वाद संपलाय. आता वाद असतो तो 'जाणाऱ्याला काय काय यायला हवं' याचा. मला हा दुसरा वाद फार मोलाचा वाटतो.

आमची मोठी होडी परवानावाल्या एका पोलिश मित्राच्या ताब्यात होती. ऑफिसमध्ये हा गृहस्थ इतका मवाळ की मीटिंगमध्ये त्याचं मत विचारायला लागतं. होडीवर पाय ठेवल्यावर अर्ध्या तासात आम्हाला कळलं की हा वेगळा माणूस आहे. बंदरातून निघण्याआधी त्याने प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. पट्टे स्वतः ओढून पाहिले. मग एकेकाला विचारलं, "पोहता येतं का? किती? कपड्यांसकट?" आमच्यातला सांगलीचा पठ्ठ्या विहिरीत पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकलेला, तो खुशीत होता. मुंबई-पुण्याकडच्या दोघांना हॉटेलच्या पूलमध्ये पाय टेकवून चालता येत होतं. त्यांची नावं त्याने वहीत लिहून घेतली. ते दोघं पुढे कुठे बसले आहेत यावर त्याचं शेवटपर्यंत लक्ष होतं. चेष्टा नाही, भाषण नाही.

आपल्या ट्रिपमध्ये सगळं चर्चेने चालतं. कुठे थांबायचं, काय खायचं, कुणी पैसे भरायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनशे मेसेज आणि शेवटी ज्याची गाडी तो ठरवणार. होडीवर वारा फिरला की चर्चा करायला कुणी थांबत नाही. शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेताना त्याचा खालचा आडवा दांडा डोक्यावरून सुसाट जातो. "डोकी खाली!" म्हटलं की खाली, कारण विचारायचं असेल तर नंतर. पहिल्या दिवशी आमच्यातल्या मॅनेजर लोकांना हे जड गेलं. दुसऱ्या दिवशी कालव्याजवळ डोलकाठी उतरवायची वेळ आली आणि मग सगळे सरळ झाले.

ही डोलकाठी उतरवणं मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर. कालव्यांवर रस्त्यांचे ठेंगणे पूल आहेत, उभी काठी खालून जात नाही. म्हणून काठी बुडाशी बिजागरीवर बसवलेली असते. पुलाच्या आधी शीड गुंडाळायचं, मग नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडचा ताणलेला दोर एकाने हळूहळू सैल सोडायचा आणि मागे उभं राहिलेल्याने ती लांबच लांब काठी वरून येताना हातावर घेऊन आधारावर टेकवायची. दोर सोडणाऱ्याने घाई केली तर झेलणाऱ्याचं कल्याण. पुलापलीकडे हीच कवायत उलटी. पुढे कालव्यात मागच्या छोट्या इंजिनवर सावकाश जायचं, कारण तिथे शीड उभारायला परवानगी नाही. गिझित्स्को गावात तर कालव्यावरचा पूलच बाजूला होतो. एकोणिसाव्या शतकातला शंभर टनांच्या वरचा लोखंडी पूल एक माणूस हाताने चावी फिरवून आडवा वळवतो. पलीकडे होड्यांची रांग, अलीकडे सायकलवाल्यांची, आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअरने तो तीनदा वळताना पाहिला. त्याला ओढून आणावं लागलं.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. भडंग दुसऱ्याच दिवशी संपला. चालत्या होडीत पोहे करायचा घाट एकीने घातला. वाऱ्याने होडी कलली आणि चिरलेला कांदा फळीसकट घसरून कुणाच्या तरी झोपायच्या पिशवीत गेला. त्यानंतर स्वयंपाक फक्त धक्क्याला लागल्यावर, असा ठराव झाला. मिकोवायकी गावात धुरावलेला सिएलावा मासा खाल्ला. बारीक चणीचा, चवीला गोडसर. मालवणी मित्र म्हणाला, "बरो आसा, पण सोलकढी नाय." विषय संपला.

आता इंजिनाबद्दल. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत धरणांवर 'जलपर्यटन' आलंय आणि त्याचा अर्थ सरसकट जेट स्की, स्पीडबोट आणि डीजे असा झालाय. पाचशे रुपये द्या, दहा मिनिटं किंचाळा, खाली उतरा. त्यात माणूस फक्त गिऱ्हाईक असतो. त्याला वारा कुठून येतोय हे कळायची गरज नसते, आणि उतरल्यावर तो पाण्याबद्दल आधीइतकाच अडाणी असतो. माझुरीत दोपस्कीये नावाच्या तळ्यावर इंजिन लावायलाच बंदी आहे. आम्ही तिथे शिरलो आणि वारा पडला. दुसरा इलाज नव्हता, वल्ही काढली आणि आळीपाळीने मारली. बेटावर पाणकावळ्यांची वस्ती, तिचा वास वल्ही मारणाऱ्यांना सगळ्यात आधी आला. दीड तासाचं अंतर किती असतं ते दंडांना कळलं. बंदी घालायचीच तर अशी घाला की माणूस पाण्यावर राहील आणि गोंगाट बाहेर जाईल.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

एके दुपारी आम्ही मिकोवायकीहून श्न्यार्द्वीकडे निघालो होतो. हवा छान होती, ढग होते पण पांढरे, वारा मनासारखा. किनाऱ्यावरच्या एका उंच खांबावर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आमच्या स्किपरने, म्हणजे त्या परवानावाल्या पोलिश मित्राने, घड्याळ बघून लुकलुक मोजायला लावली. मिनिटाला चाळीसच्या आसपास. त्याने एक शब्द न बोलता होडी वळवली. आम्ही कुरकुरलो. ऊन पडलेलं होतं हो! तेवढ्यात आजूबाजूला पाहिलं तर समोरच्या होड्याही वळत होत्या. सगळं तळं एकदम घरी निघालं होतं. तासाभरात धक्क्यावर होड्या अशा दाटल्या, जणू जत्रेत सोडलेल्या बैलगाड्या. दोर दुहेरी बांधले, शिडं आवळली. मग दिव्याची लुकलुक वाढली. मिनिटाला चाळीस म्हणजे सावध राहा, नव्वद म्हणजे धोका अगदी तोंडावर आलाय, असतील तिथून काठ गाठा. आभाळ काळवंडलं आणि वाऱ्याचा लोट आला. काठ्यांवरचे दोर खणाखण आपटत होते, बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नव्हतं. साधारण वीस मिनिटांत सगळं थांबलं. शेजारच्या होडीतल्या बाईंनी आमच्याकडे उकळतं पाणी मागितलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

हे खांब आपोआप आलेले नाहीत. २१ ऑगस्ट २००७ रोजी याच तळ्यांवर असाच अचानक लोट आला आणि १२ माणसं बुडून गेली. सुट्टीचा महिना, तळी होड्यांनी भरलेली, इशारा पोचवायची काही सोय नाही. त्यानंतर 'माझुरीत शिडाच्या होड्या बंद करा' असं झालं नाही. २०११ पासून तळ्यांच्या काठाने ठिकठिकाणी हे दिवे लागले. फोन, भाषा, नेटवर्क कशाचीच गरज नाही. ज्याला डोळे आहेत आणि मिनिटभर मोजता येतं, त्याला इशारा मिळतो.

त्या संध्याकाळी होडीत बसून मला सारखी उजनी आठवत होती. २१ मे २०२४. इंदापूर तालुक्यातल्या कळाशी आणि करमाळ्यातल्या कुगावच्या मधल्या पाण्यात प्रवासी बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. ते लोक मौजेला निघालेले नव्हते. धरणाच्या फुगवट्याने दोन गावांच्या मध्ये पाणी आणून ठेवलंय, रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, म्हणून लोक बोटीने जातात. त्यांच्या पाण्यात जाण्यावर बंदी घालून काय उपयोग? त्यांचं घरच पलीकडे आहे.

उजनीत ११७ टीएमसी (म्हणजे ११७ अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि तिचा पसारा श्न्यार्द्वीच्या दुपटीहून मोठा आहे. मे महिन्यात दुपारनंतर वळीव उठतो हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हवामानखातं पुढच्या काही तासांचे इशारे देतं. पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप केलंय. म्हणजे विद्या आहे, माणसं आहेत. फक्त इशारा पुण्यातून निघून मोबाइलपर्यंत येतो आणि पाण्यावरच्या माणसाचे हात सुकाणूवर असतात, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात. त्याला खांबावरचा दिवा लागतो. उजनी, जायकवाडी, कोयनेचा तापोळ्याकडचा भाग, जिथे जिथे लोक रोज पाणी ओलांडतात तिथे असे खांब उभारायला फार मोठं डोकं लागेल असं मला वाटत नाही. ज्या खात्यात त्याची फाइल उघडायला हवी, तिथे कुणीतरी एकदा वाऱ्यात होडीत बसायला हवं.

दुसरी गोष्ट शिकण्याची. आमच्या धक्क्याशेजारी सात-आठ वर्षांची पोरं बाथटबएवढ्या होड्या एकेकटी चालवत होती. शिक्षक रबरी बोटीतून मागे. एक मुलगी उलटली, पाण्यात पडली, होडी स्वतः सरळ करून परत चढली आणि शिक्षकाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्यातल्या दोन आया श्वास रोखून उभ्या होत्या.

'तिकडची गोष्ट वेगळी' हे उत्तर मला माहीत आहे, म्हणून तिकडची सोडा. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या शिकतात, पण ते कॅडेट. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रिगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा आहे, पण ती कॉलेजच्या पोरांची. बारक्या गावातल्या पोराला काय? मध्य प्रदेशाकडे बघा, ज्याला समुद्राचा थेंब लागत नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्यपदक आणलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, वय १७, शिकली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. आणि आपण? किनारा आपला, आरमाराचा इतिहास आपला, देशात सगळ्यात जास्त धरणंही आपलीच.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, धरणाचं पाणी पिण्याचं आहे, त्यात माणसं सोडायची कशी? आक्षेप खरा आहे आणि जेट स्कीच्या बाबतीत तर मी तुमच्या बाजूने आहे. पण भोपाळचा बडा तालाबही शोभेचा नाही, शहराचा मोठा भाग त्याचंच पाणी पितो. हरित लवादाने २०२३ मध्ये तिथल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितल्या. पोरींच्या शिडाच्या होड्या मात्र त्याच पाण्यावर फिरतायत.