७३ टक्के काका

परवा आमच्या प्रोजेक्टची व्हायवा झाली. बीबीए, बिझनेस ॲनालिटिक्स, शेवटचं वर्ष, बाकीचं पुराण नको. व्हायवा एकवेळ विसरेन मी, पण व्हायवाच्या खोलीबाहेरचा बाक अजून डोक्यातून जात नाहीये.

आमचा नंबर यायला वेळ होता. ग्रुपमधली बाकी मंडळी कुठेतरी गायब, मी एकटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली आणि शेजारी दुसऱ्या ग्रुपमधल्या एका मुलीचे वडील. तिला सोडायला आले आणि मग बसूनच राहिले. थोडा वेळ माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग म्हणाले, "कशात करतेस बेटा?"

"ॲनालिटिक्स, काका."

"म्हणजे एक्सेल."

हा प्रश्न नव्हता बरं का, निकाल होता. आता यांना काय सांगणार की अकाउंट्स, मार्केटिंग, बिझनेस लॉ हे सगळं नेहमीच्या बीबीएवाल्यांसारखं करून वर आम्हाला स्टॅटिस्टिक्स, एसक्यूएल, पायथन, रिग्रेशन असतं, इंजिनिअरिंगची पोरं आम्हाला कॉमर्सवाले म्हणतात आणि कॉमर्सवाले म्हणतात तुम्ही तर कोडिंग करता, तुम्ही आमच्यातले नाहीच. मी म्हटलं, "हो, एक्सेल पण असतं."

"मी नोकरीभर एक्सेलच केलं. डिग्री नाही लागली."

मग प्रोजेक्ट काय ते विचारलं. कोणते ग्राहक कंपनी सोडून जाणार ते आधीच ओळखायचं, ज्याला आम्ही चर्न म्हणतो. डेटा तोच, जगभरातल्या विद्यार्थ्यांनी चघळून चोथा केलेला, एका काल्पनिक टेलिकॉम कंपनीचे ७,०४३ ग्राहक. त्यातल्या ११ जणांच्या एकूण बिलाच्या रकान्यात नुसती स्पेस टाकलेली आहे, कारण ते नवेकोरे ग्राहक, त्यांचा एक महिनाही भरलेला नाही. पण त्या ११ स्पेसमुळे अख्खा रकाना आकड्यांचा नसून मजकुराचा आहे असं पायथनला वाटतं आणि साधी सरासरी काढायला गेलं तरी ते अंगावर येतं. आमच्या ग्रुपमध्ये हे कोणी शोधलं? मी. बाकीचे काय करत होते? एक जण फॉरमॅटिंग बघत होता. स्लाइडचा निळा रंग "प्रोफेशनल" दिसत नाही म्हणून त्याने तो बदलून दुसरा निळा केला. असो.

"मग कोण सोडून जातं?" काका.

"ज्यांचा वर्षाचा करार नसतो ना काका, महिन्या-महिन्याचं असतं, ते जास्त जातात."

काकांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. "म्हणजे ज्याला बांधून ठेवलेलं नाही तो जातो."

"...हो."

"हे कितव्या सेमिस्टरला कळलं?"

मी हसले, काय करणार. पण खरं सांगू का, तिथे मला राग यायला लागला होता, कारण निष्कर्ष निघाला की तो सगळ्यांना आधीपासून माहीतच असतो, आणि काढायच्या आधी विचारलं तर एकही माणूस सांगत नाही. मी इरेला पेटले. म्हटलं, काका, नुसतं कोण जातं एवढंच नाही, एकेका ग्राहकाचं भाकीत करतो आम्ही, माझं मॉडेल ८० टक्के वेळा बरोबर येतं.

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मी सांगतो. कोणीच जाणार नाही."

"म्हणजे?"

"कोणीच नाही. लोक आळशी असतात गं. शिव्या देतात पण कंपनी बदलत नाहीत. माझे किती टक्के आले?"

आणि इथे माझी वाट लागली, कारण त्या डेटात सोडून गेलेले आहेत १,८६९. म्हणजे राहिलेले ५,१७४. म्हणजे डोळे मिटून सगळ्यांना "राहणार" म्हटलं तरी ७३ टक्के बरोबर. खोटं बोलता आलं असतं पण मी प्रामाणिकपणे सांगितलं, त्र्याहत्तर.

"आणि तुझे ऐंशी. म्हणजे तीन वर्षांत सात टक्के."

मी त्यांना रिकॉल समजवायला घेतला. काका, तुमच्या पद्धतीत जाणारा एकसुद्धा माणूस सापडत नाही, शून्य, आणि तोच तर शोधायचाय, बाकीच्यांना शोधून कंपनी काय करणार? ॲक्युरसीवर जाऊ नका, जाणाऱ्यांपैकी किती पकडले ते बघा.

"तू किती पकडलेस?"

"निम्म्याहून थोडे जास्त."

"म्हणजे निम्मे तुझ्याही हातून निसटले." मग मला धीर देत म्हणाले, "होईल होईल. अनुभवाने येतं."

तेवढ्यात आमचा नंबर लागला. आत बाहेरून आलेले परीक्षक. मी कन्फ्युजन मॅट्रिक्सच्या (म्हणजे मॉडेल कुठे बरोबर आलं, कुठे चुकलं त्या तक्त्याच्या) स्लाइडवर पोचते न पोचते तोच ते म्हणाले, "यात पाय चार्ट कुठे दिसत नाही?" सर, बार चार्ट आहेत. "पाय चार्ट असता तर समजायला सोपं." आता हा पाय चार्ट विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये छापला, बार चार्टही त्याच माणसाचा आणि त्याच्या आधीचा, १७८६ चा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की माणसाला कोनांची तुलना नीट जमत नाही, एका रेषेवर उभ्या केलेल्या पट्ट्यांची जमते. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय, परीक्षेला विचारलंय, त्यावर मार्क दिलेत! आणि तिसऱ्या वर्षाला पाय चार्ट नाही म्हणून कापलेत. त्या ११ रिकाम्या जागांबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. रंगसंगती मात्र छान आहे म्हणाले, आणि आमचा फॉरमॅटिंगवाला लाजला.

संध्याकाळी मार्क लागले. काकांच्या मुलीच्या ग्रुपला आमच्यापेक्षा जास्त. तिने स्लाइड्स पाठवल्या, मीच मागितल्या, राहवेना. पहिल्याच पानावर थ्रीडी पाय चार्ट, एक फोड बाहेर ओढलेली, सावलीसकट. शेवटच्या पानावर मॉडेलची ॲक्युरसी ठळक अक्षरात. ७३ टक्के. मी तिला मेसेज केला की तुमचं मॉडेल नक्की काय करतं गं? ती म्हणाली, मॉडेलचं नाही माहीत, ते बाबांनी बघितलं.