एकही दिवा लागत नाही

गाडी विकणाऱ्याने बॉनेटवरून हात फिरवत सांगितलं होतं, "दादा, गाडी चालू असताना मीटरमध्ये एकही दिवा लागत नाही. स्वतः बघा." मी वाकून बघितलं. खरंच एकही लागत नव्हता. दोन लाख दहा हजार मोजले आणि २०१४ सालची ती पेट्रोल गाडी घेऊन पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आलो. बायकोने चाकाखाली लिंबू ठेवलं, मी ते चिरडलं, शेजाऱ्यांना पेढे गेले.

महिन्याभरात अ‍ॅव्हरेज सतरावरून बारावर आलं. मी दोष सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला दिला. तो ट्रॅफिक कुठलाही दोष अंगावर घ्यायला कायम उपलब्ध असतो. मग एसीला दिला, मग पेट्रोलला. सिग्नलला उभी असताना गाडी मधूनच उचकी लागल्यासारखी हलायची. पण मीटर स्वच्छ होतं, म्हणजे गाडी ठणठणीत होती. हे मी बायकोला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तीच म्हणाली, "अहो, मग उचकी तुम्हाला लागते का?"

एका रविवारी भाचा आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "मामा, चावी फिरव. स्टार्ट नको करूस, नुसती ऑन कर."

केली. मीटरमध्ये दिवाळी झाली. लांब चोचीच्या ऑइलच्या डब्याचा लाल दिवा, बॅटरीचा, एअरबॅगवाल्या माणसाचा, हँडब्रेकचा, सीटबेल्टचा.

"चेक इंजिन कुठाय?"

"नाही लागत तो. चांगलंच आहे ना?"

'मला शुगर नाही, मी कधी तपासलीच नाही' असं म्हणणाऱ्या माणसाकडे जसं बघतात, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग समजावून सांगितलं. चावी ऑन केली की हे सगळे दिवे क्षणभर हजेरी देतात. आपण जिवंत आहोत, वेळ आली तर पेटू शकतो, एवढंच त्यांना सांगायचं असतं. इंजिन सुरू झालं की विझतात. जो हजेरीलाच उठत नाही, तो संकटात काय उठणार? रात्री गुरख्याची शिट्टी ऐकू आली नाही, तर चोर नाहीत असंही असेल किंवा गुरखा झोपलाय असंही असेल.

कदाचित आमच्या मॉडेलला हा दिवाच नसेल, अशी एक आशा होती. डॅशबोर्डच्या कप्प्यातून मॅन्युअल काढलं. आधीच्या मालकाने ते उघडलेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यात दिवा होता. पिवळा. चित्र इंजिनाचं म्हणे, मला ते विहिरीवरच्या मोटरसारखं दिसलं. खाली लिहिलं होतं: चावी ऑन केल्यावर लागला नाही, तर गाडी तपासून घ्या.

खात्रीसाठी बी विंगमधल्या जोशींकडे गेलो. त्यांच्याकडे हेच मॉडेल आहे. "जरा चावी ऑन करता का?" त्यांनी केली. पिवळी मोटर झगझगीत पेटली. मी आनंदाने ओरडलो, "तुमचा लागतो हो!" जोशी दचकले. "म्हणजे? काय झालंय?" त्यानंतर ते दोन दिवस गाडी सोडून बसने ऑफिसला गेले. मी माफी मागितली, पण जोशीकाकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता मेकॅनिक. मी त्याला म्हणालो, "चेक इंजिनचा दिवा लागत नाही."

"मग बेस्ट आहे की काका."

"नाही, तो लागायला हवा."

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि मला स्टूल दिलं. "काका, लोक दिवा लागला म्हणून रडत येतात. स्कॅनर लावून विझवायचे मी तीनशे घेतो. लावायचा रेटच नाही माझ्याकडे." मागून त्याच्या पोऱ्याने विचारलं, "लावून द्यायचा का? एखादी वायर काढतो, लगेच लागंल."

त्याचंही चूक नव्हतं. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे दिवा विझवणं. दिव्यामागे एखादा आजार असतो, हा मुद्दा गॅरेजमध्ये सहसा निघत नाही.

तिथून वायरिंगवाल्याकडे. हा माणूस मला आवडला, कारण तो आधी विचार करायचा आणि मग स्क्रू काढायचा. "फ्यूज म्हणाल तर बाकीचे दिवे लागतायत, म्हणजे मीटरचा फ्यूज शाबूत. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मेला म्हणाल तर गाडी स्टार्टच झाली नसती. राहिली वायर, नाहीतर दिवा. आधी ईसीएमला विचारू, तो काय म्हणतो." पण त्याचा स्कॅनर त्याचा मेव्हणा घेऊन गेला होता आणि मेव्हणा सासवडला होता.

म्हणून ईसीएमचं म्हणणं मोबाइलवर दाखवणारा आठशे रुपयांचा ब्लूटूथवाला डोंगल मी मागवला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा. तो जिथे खोचायचा ते सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. 'खाली' म्हणजे कुठे, हे कळायला मला सीटवर पाठ टेकून, पाय मागच्या सीटकडे आणि डोकं क्लचपाशी असं उलटं व्हावं लागलं. त्या अवस्थेत वॉचमनने काच वाजवून विचारलं, "साहेब, तब्येत ठीक आहे ना?" मी अंगठा दाखवला. तिथून तो बहुधा खाली वळलेला दिसला असावा, कारण वॉचमन धावत चेअरमनना बोलवायला गेला.

डोंगल बसला. मोबाइलवर चक्र फिरलं आणि ओळ आली: चेक इंजिन दिवा – चालू. कोड – २.

मी मीटरकडे बघितलं. अंधार. मोबाइलकडे बघितलं. चालू. ईसीएम बिचारा आपलं काम चोख करत होता. बिघाड सापडला, नोंद केली, दिवा लावायचा हुकूम सोडला आणि दिवा लागला असं समजून गाडीचा गाडा हाकत बसला. हुकूम निघाला म्हणजे काम झालं, असं मानून फाइल बंद करणारा तो सरकारी साहेबच.

बिघाडाचे कोड होते पी०१३५ आणि पी०३०१. दुसरा सोपा: पहिल्या सिलिंडरमध्ये मधूनमधून स्फोट होतच नाही. उचकी सापडली. पहिला जरा खोल निघाला. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो, जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो. पण साधारण तीनशे डिग्री तापल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. आमच्या सेन्सरचा हीटर गेलेला. थंड सेन्सर गप्प, आणि तो गप्प असला की ईसीएम पेट्रोल अंदाजपंचे सोडतो, तेही जरा सढळ हाताने. सिंहगड रोड निर्दोष सुटला.

स्क्रीनशॉट बघून वायरिंगवाला खूश झाला. "म्हणजे हुकूम येतोय. मीटर खोलू." त्याने स्टिअरिंगवरची पट्टी काढली, चार स्क्रू काढले, मीटर बाहेर ओढलं, मागचा कनेक्टर सोडवला. टेबलावर पांढरा टॉवेल पसरून वरची काच उचकटली. मग दोन चमचे दोन बाजूंनी घालून स्पीडचा काटा असा अलगद उचलला, की मोदकाची पाकळी उचलावी. डायल बाजूला झाली.

खाली हिरव्या पट्टीवर तांदळाएवढे एलईडी रांगेत बसले होते. त्यातल्या एकाच्या डोक्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा होता. नखाएवढा. चारही कोपरे कात्रीने गोल केलेले, म्हणजे सुटू नयेत. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं ते. तेवढ्या वेळात सेन्सर बदलून झाला असता.

"कारागीर आहे," वायरिंगवाला आदराने म्हणाला आणि चिमट्याने टेप काढली.

मीटर बसवलं. चावी ऑन केली. पिवळी मोटर पेटली. मी घरी फोन केला, "लागला!" घरी गेल्यावर बायको खाली येऊन तो बघून गेली आणि दिवेलागणीची वेळ असल्यामुळे तिचे हात आपोआप जोडले गेले. मग मी इंजिन सुरू केलं. आता तो विझायला हवा होता. तो विझला नाही. कसा विझेल? आत दोन कोड होते, त्याला बऱ्याच दिवसांचं बोलायचं होतं. जोशी बाल्कनीतून ओरडले, "अहो, तुमचा दिवा लागलाय!" मी म्हणालो, "हो, किती खटपटीने लागलाय!"

सेन्सर, एक कॉइल, चार प्लग आणि मजुरी मिळून साडेसात हजार गेले. पहिलाच मेकॅनिक होता. त्याने कोड पुसले, दिवा विझला, आणि बिलात 'दिवा विझवणे' म्हणून तीनशे वेगळे लावले. अ‍ॅव्हरेज सोळावर आलं. उचकी गेली. फक्त स्पीडचा काटा परत बसवताना केसभर सरकला असावा, कारण पार्किंगमध्ये उभी असलेली आमची गाडी आता ताशी पाच किलोमीटरने चालत असते.

विकणाऱ्याला फोन लावला. टेपचं सांगितलं. तो जराही गडबडला नाही. "दादा, मी काय खोटं बोललो? एकही दिवा लागत नाही म्हटलं होतं ना? लागत होता का?"

नव्हता लागत. मी फोन ठेवला.

ती टेप पुरावा म्हणून मी पाकिटात जपून ठेवली होती. परवा शोधली तर मिळेना. रात्री झोपताना सापडली. बेडरूमच्या एसीचा निळा दिवा डोळ्यांवर येतो अशी बायकोची गेल्या उन्हाळ्यापासून तक्रार होती. तिने ती बरोबर त्याच्यावर चिकटवली आहे. गोल कोपऱ्यांमुळे बसलीही छान आहे.