पेसमेकरच्या जागेवरची लाली लेपाने जात नाही

‘पेसमेकरच्या जागी लाली आली, पाणी साचलं तर हळदीचा लेप लावा, सुईने पाणी काढून घ्या, पंधरा दिवस अँटिबायोटिक घ्या. वायर मात्र काढू देऊ नका, हृदय फाटतं.’ ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपांतून फिरणारा हा मेसेज काल नौपाड्याच्या काकांपर्यंत पोचला. काकांना पेसमेकर आहे, आणि त्यांना तो पटलाही!

लेपाबद्दल एवढंच, की जंतू आत आहेत. सुई टोचणं तर सरळ धोक्याचं: पॉकेट, म्हणजे कातडीखाली बॅटरी ठेवलेली जागा, निर्जंतुक असेल तर बाहेरचे जंतू आपणच आत सोडतो. ती टोचायचीच नाही.

खरी फसगत अँटिबायोटिकची. स्टॅफिलोकॉकससारखे जंतू लीडवर, म्हणजे बॅटरीपासून हृदयात जाणाऱ्या वायरवर, चिकट थर करून बसतात. औषध रक्तातले जंतू मारतं, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात. थराखालचे तसेच राहतात आणि कोर्स संपला की पुन्हा उठतात. तोवर लीडवरून ते हृदयातल्या ट्रायकस्पिड झडपेपर्यंत जातात, तिथे जमलेल्या जंतूंच्या गाठीचे तुकडे फुप्फुसात जातात. म्हणूनच अमेरिकेच्या हार्ट रिदम सोसायटीने २०१७च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय: संसर्ग नक्की झाला असेल, अगदी फक्त पॉकेटमध्ये असला तरी, बॅटरी आणि सगळ्या लीड काढायच्या.

वायर काढण्यात धोका आहे, हे मात्र खरं. वर्षाहून जुनी लीड शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते, ओढताना शीर फाटू शकते. त्यासाठी लेझर किंवा यांत्रिक शीथ (लीडवरून सरकवून ती सोडवणारी नळी) लागते आणि हार्ट सर्जन तयार लागतो. हे जिथे आहे तिथेच जा. बसवल्यानंतर लगेच फक्त टाक्यावर वरवरचा संसर्ग असेल, तर सात ते दहा दिवस गोळ्यांवर भागू शकतं. पण तो वरवरचाच आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं.

बॅटरी आणि लीड काढल्यानंतर पॉकेटपुरता संसर्ग असेल तर दहा ते चौदा दिवस औषध, रक्तात असेल तर किमान दोन आठवडे, झडपेवर असेल तर चार ते सहा. नवा पेसमेकर दुसऱ्या बाजूला, आणि रक्ताचं कल्चर (जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) किमान ७२ तास निगेटिव्ह राहिल्यावरच. मधल्या काळात गरज असेल त्याला तात्पुरतं पेसिंग देतात.

काका, लाली, सूज किंवा कारण नसताना ताप दिसला तर घरातली उरलेली गोळी घेऊ नका. पेसमेकरचं कार्ड घेऊन त्याच दिवशी कार्डिऑलॉजिस्टकडे जा. पहिल्या डोसाआधी कल्चरसाठी रक्ताचे किमान दोन संच घेतले पाहिजेत, नाहीतर जंतू अनेकदा सापडत नाही.